प्रोस्टेट कॅन्सर नुसता वाढत नाही, त्याचे ब्रेक निकामी होतात. या ब्रेकचं नाव आहे मायक्रोआरएनए

घरात साठी ओलांडलेला पुरुष असेल तर हे चित्र ओळखीचं असेल. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठणं, धार बारीक होणं, आणि विचारलं की ठरलेलं उत्तर, "वय झालं आता, चालायचंच." मग कुणीतरी जबरदस्तीने डॉक्टरकडे नेतं, डॉक्टर पीएसएची रक्ततपासणी सांगतात, रिपोर्ट वाढलेला येतो आणि फॅमिली ग्रुपवर धावपळ सुरू होते.

बऱ्याचदा तो कॅन्सर नसतो. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वय वाढलं की ती साधीसुधीही वाढते, तिला जंतुसंसर्गही होतो, आणि या दोन्हींत पीएसए चढतो. पण समजा बायोप्सी झाली आणि कॅन्सरच निघाला, तर खरा पेच तिथून पुढे सुरू होतो.

तो पेच समजून घ्यायला ब्रिटनमधली एक चाचणी बघावी लागेल. प्रोटेक्ट हे तिचं नाव. ५० ते ६९ वयाच्या १,६४३ पुरुषांना तिच्यात घेतलं, सगळ्यांचा कॅन्सर प्रोस्टेटपुरताच होता. त्यांचे तीन गट केले. एका गटाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला रेडिएशन दिलं, तिसऱ्यावर फक्त लक्ष ठेवलं आणि गरज पडली तरच उपचार केले. १५ वर्षांनंतरचे निकाल २०२३ मध्ये आले. तिन्ही गट मिळून प्रोस्टेट कॅन्सरने दगावलेले होते ४५ जण, म्हणजे २.७ टक्के, आणि गटागटांत त्यात फारसा फरक नव्हता.

म्हणजे उपचार केले काय, नाही केले काय, सारखंच? तसंही नाही. फक्त लक्ष ठेवलेल्या गटात ९.४ टक्के लोकांचा कॅन्सर शरीरात इतरत्र पसरला, तर ऑपरेशनवाल्यांत हे प्रमाण ४.७ टक्के होतं. शिवाय लक्ष ठेवलेल्यांपैकी अनेकांना पुढे उपचार घ्यावेच लागले. पण ऑपरेशन आणि रेडिएशनची किंमतही मोजावी लागते. लघवीवरचा ताबा जाणं, लैंगिक अडचणी, असे त्रास काही जणांना कायमचे चिकटतात.

थोडक्यात, काही गाठी प्रोस्टेटमध्ये वीस वर्षं झोपून राहतात आणि माणूस वेगळ्याच कारणाने जातो. काही गाठी मात्र हाडांपर्यंत पळत सुटतात. आपल्या वडिलांची गाठ यातली कुठली, हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. गाठ झोपून का राहते आणि पळत का सुटते, याचं एक उत्तर ज्या गोष्टीत सापडतंय ती जेमतेम २२ अक्षरांची आहे.

ती गोष्ट सापडली होती एका किड्यात.

मातीत राहणारा, १ मिलिमीटर लांबीचा, सी. एलिगन्स नावाचा हा गोलकृमी. व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन हे दोन अमेरिकन शास्त्रज्ञ त्याच्या वाढीचा अभ्यास करत होते. लिन-४ नावाचं एक जनुक बिघडलं की या किड्याची वाढच गंडायची, मोठं व्हायचं सोडून तो बालपणीचे टप्पे पुन्हा पुन्हा गिरवायचा. आता जनुक म्हटलं की त्यापासून एखादं प्रथिन तयार होणार, हा तेव्हाचा समज. पण अॅम्ब्रोसच्या प्रयोगशाळेला लिन-४ मधून प्रथिन मिळालंच नाही. मिळाला तो २२ अक्षरांचा आरएनएचा एक बारका तुकडा, आणि तो लिन-१४ नावाच्या दुसऱ्या जनुकाचं काम थांबवत होता. १९९३ मध्ये हे छापून आलं आणि जगाने "किड्याची भानगड आहे" म्हणून सोडून दिलं. २००० मध्ये रव्हकुनच्या गटाला लेट-७ नावाचा असाच दुसरा तुकडा सापडला, आणि हा तर माणसातही निघाला. मग मात्र रांग लागली. आज माणसात असे हजाराहून जास्त मायक्रोआरएनए माहीत आहेत. अॅम्ब्रोस आणि रव्हकुन यांना २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

हे तुकडे करतात तरी काय?

एखादी मोठी खानावळ डोळ्यासमोर आणा. सगळ्या पाककृतींची मूळ वही मालकाच्या कपाटात कुलूपबंद असते, ती बाहेर येत नाही. हवी ती पाककृती चिठ्ठीवर उतरवायची आणि ती चिठ्ठी भटारखान्यात जाते. कपाटातली वही म्हणजे डीएनए, चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए, आणि बनलेला पदार्थ म्हणजे प्रथिन. मायक्रोआरएनए हा भटारखान्याच्या दारात उभा असलेला माणूस. "हे आज पुरे झालं" म्हणत तो चिठ्ठी अडवतो, कधी फाडूनही टाकतो. वहीला हात लागत नाही, पण पदार्थ बनत नाही.

तो चिठ्ठी ओळखतो कशी, हे फार महत्त्वाचं आहे. २२ पैकी जेमतेम सात-आठ अक्षरं जुळली तरी त्याला पुरतं. त्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो वेगवेगळ्या चिठ्ठ्या अडवू शकतो. ही त्याची ताकद आहे आणि, पुढे दिसेल, हीच डोकेदुखीही आहे.

कॅन्सरमध्ये हा दारातला माणूस गायब झाला तर काय होतं, हे आधी रक्ताच्या कॅन्सरमध्ये दिसलं. २००२ मध्ये जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांच्या गटाने दाखवलं की सीएलएल नावाच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये १३ व्या गुणसूत्राचा जो तुकडा वारंवार गळून पडतो, त्यात दोन मायक्रोआरएनए बसलेले असतात. मिर-१५ए आणि मिर-१६-१. (नावं अशीच असतात, मिर आणि पुढे नंबर. कवी मंडळी या कामावर नव्हती.)

गुणसूत्राचा हाच तुकडा प्रोस्टेट कॅन्सरमध्येही गळतो. म्हणून इटलीतल्या एका गटाने तिकडे मोर्चा वळवला आणि २००८ मध्ये निकाल मांडले. वाढलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींत या दोघांचं प्रमाण बरंच घसरलेलं होतं. हे दोघं ज्या चिठ्ठ्या अडवतात त्यातली एक चिठ्ठी पेशीला "विभाजन कर" म्हणते, दुसरी "मरू नकोस" म्हणते, तिसरी आजूबाजूला घुसायला मदत करते. पहारेकरी गेले की तिन्ही चिठ्ठ्या मोकळ्या.

या गटाने पुढे जे केलं ते मला सगळ्यात पटणारं वाटतं, कारण नुसतं "प्रमाण कमी दिसलं" एवढ्याने काही सिद्ध होत नाही. त्यांनी निरोगी उंदरांच्या प्रोस्टेटमध्ये हे दोन मायक्रोआरएनए मुद्दाम बंद पाडले, तर ग्रंथी फुगली. कॅन्सर नसलेल्या प्रोस्टेट पेशींमध्ये बंद पाडले, तर त्या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत गाठी करू लागल्या. उलट उंदरांमधल्या कॅन्सरच्या गाठींत ते परत दिले, तर गाठी आक्रसल्या. ब्रेक काढला की गाडी सुटते आणि लावला की थांबते, अशी दोन्ही बाजूंनी खात्री झाली.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातली, सालही तेच, २००८. प्रोस्टेट कॅन्सर जसा आक्रमक होतो तसं ईझेडएच-२ नावाचं प्रथिन पेशीत वाढत जातं, हे आधीपासून माहीत होतं. हे प्रथिन वाईट का? तर ते डीएनएच्या वहीतली पानंच चिकटवून टाकतं. ज्या पानांवर पेशीला आवर घालणाऱ्या पाककृती असतात तीही उघडेनाशी होतात. पण हे वाढतं का, ते कळत नव्हतं. सूर्यनारायण वरांबल्ली आणि अरुल चिन्नय्यन यांच्या गटाला उत्तर मिळालं ते मिर-१०१ मध्ये. ईझेडएच-२ ची चिठ्ठी अडवणं हे या मायक्रोआरएनएचं काम. आपल्या डीएनएमध्ये तो दोन ठिकाणी असतो. त्यांनी तपासलेल्या नमुन्यांत, प्रोस्टेटपुरत्या मर्यादित कॅन्सरमध्ये ३७.५ टक्के वेळा यातली एक किंवा दोन्ही ठिकाणं गळालेली होती. पसरलेल्या कॅन्सरमध्ये हा आकडा ६६.७ टक्के होता. नमुने कमी होते, पन्नासच्या आसपास, पण दिशा स्पष्ट होती.

या साखळीची पुढची कडी आपल्याकडे, आयआयटी कानपूरमध्ये जोडली गेली. तिथल्या प्राध्यापक बुशरा अतीक यांचा गट प्रोस्टेट कॅन्सरच्या एका विशिष्ट प्रकारावर काम करतो. या प्रकारात स्पिंक-१ नावाचं प्रथिन भरमसाट तयार होतं. एरवी हे प्रथिन स्वादुपिंडातलं, तिथे पाचक रसाला आवर घालणारं. प्रोस्टेटमध्ये त्याचं काहीच काम नाही, पण साधारण १० ते २५ टक्के प्रोस्टेट कॅन्सरमध्ये ते सापडतं आणि अशा गाठी आक्रमक असतात. २०१९ मध्ये या गटाने दाखवलं की स्पिंक-१ ची चिठ्ठी अडवणारे दोन मायक्रोआरएनए आहेत, मिर-३३८-५पी आणि मिर-४२१. या गाठींमध्ये ते दोघं गप्प असतात. त्यांना गप्प कोण करतं? तोच ईझेडएच-२.

म्हणजे साखळी अशी लागते. मिर-१०१ गळाला, म्हणून ईझेडएच-२ माजला. ईझेडएच-२ ने इतर मायक्रोआरएनएंची पानं चिकटवली, म्हणून स्पिंक-१ मोकाट सुटलं. एक पहारेकरी गेला की बाकीच्यांनाही कोंडून ठेवलं जातं. यात आशेची जागा अशी की कोंडलेला पहारेकरी मेलेला नसतो. गळालेला तुकडा परत येत नाही, पण चिकटलेलं पान औषधाने सोडवता येतं, आणि कानपूरच्या प्रयोगांत असं केल्यावर ते दोन मायक्रोआरएनए पुन्हा कामाला लागले.

इथपर्यंत वाचून वाटेल की मायक्रोआरएनए म्हणजे सगळे सज्जनच. तसं नाही.

मिर-२१ घ्या. हासुद्धा चिठ्ठ्याच अडवतो, पण तो ज्या चिठ्ठ्या अडवतो त्या पेशीच्या वाढीला आवर घालणाऱ्या प्रथिनांच्या असतात. ब्रेकच्याच चिठ्ठ्या फाडल्या, तर परिणाम उलटा. प्रोस्टेट कॅन्सरमध्ये याला आणखी एक पैलू आहे. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्येच दाखवलं होतं आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. म्हणूनच पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये आजही हार्मोन तोडण्याचं इंजेक्शन देतात किंवा अंडकोष काढतात. गाठ आटते, आणि बहुतेकांमध्ये काही काळाने पुन्हा डोकं वर काढते. अमेरिकेतल्या एका गटाने २००९ मध्ये दाखवलं की हार्मोनच्या इशाऱ्यावर मिर-२१ चं उत्पादन वाढतं. इतकंच नाही, गाठीत मिर-२१ वाढवून ठेवला तर हार्मोन तोडल्यावरही उंदरांमधली गाठ वाढत राहिली. हार्मोनची रसद बंद झाली तरी हा फितूर आत गाडी चालवत होता. उपचार चालू असताना कॅन्सर परत का येतो, या प्रश्नाचं हे एकमेव उत्तर नाही, पण एक उत्तर नक्की आहे.

आणि काहींचं तर ठरतच नाही. मिर-२२१ बघा. पीसी-३ नावाच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात, त्या एका रुग्णाच्या हाडात पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमधून वाढवलेल्या आहेत. त्यांच्यात मिर-२२१ भरपूर असतो आणि तो पेशींना वाढायला मदत करतो, असं २००७ मध्ये दिसलं. झालं, खलनायक ठरला. पण २०१० मध्ये प्रत्यक्ष रुग्णांच्या गाठी तपासल्या, तर कॅन्सर जितका आक्रमक तितका मिर-२२१ कमी! प्रयोगशाळेतल्या बशीत वाढणारी पेशी आणि माणसाच्या शरीरातली गाठ यात हा फरक पडतो. "शास्त्रज्ञांना कॅन्सरचा स्विच सापडला" अशी पोस्ट दिसली की ती बशीतली गोष्ट आहे, उंदरातली आहे की माणसातली, एवढं आधी बघा. निम्म्या पोस्टींचा निकाल तिथेच लागतो.

मग साधा प्रश्न येतो. जो ब्रेक गेलाय तो बाहेरून बसवता येत नाही का?

प्रयत्न झालाय, आणि तो सगळ्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे. मिर-३४ए हा नामांकित पहारेकरी. पी५३ नावाचं जे प्रथिन पेशीचा डीएनए बिघडला की धोक्याची घंटा वाजवतं, त्याच्या हुकमतीखाली हा काम करतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की प्रोस्टेट कॅन्सरच्या बीजासारख्या पेशींमध्ये, ज्यांच्यातून गाठ पुन्हा उगवते, मिर-३४ए कमी असतो. तो बाहेरून दिल्यावर उंदरांमध्ये कॅन्सरचा प्रसार रोखला गेला आणि उंदीर जास्त जगले.

माणसात याची चाचणी २०१३ मध्ये सुरू झालेली होती. एमआरएक्स-३४ हे औषध म्हणजे चरबीच्या सूक्ष्म थेंबात भरलेला बनावट मिर-३४ए. चाचणी प्रोस्टेटची नव्हती, यकृताचा आणि इतर काही अवयवांचा कॅन्सर हाताबाहेर गेलेल्या रुग्णांची होती. कॅन्सरवरचा मायक्रोआरएनए माणसाला देण्याची ही जगातली पहिलीच वेळ. एकूण ८५ रुग्ण होते. मोजक्या दोन-चार जणांच्या गाठी लहान झाल्या. पण काहींची प्रतिकारशक्ती इतकी खवळली की त्यात चार रुग्ण दगावले. २०१६ मध्ये चाचणी थांबवली.

मघाशी म्हटलेली डोकेदुखी ती हीच. एक मायक्रोआरएनए शेकडो चिठ्ठ्या अडवतो. गाठीत पाठवलेला माणूस रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या दारातही जाऊन उभा राहतो, आणि तिथे तो काय अडवेल याचा हिशोब लागत नाही. त्यामुळे आता भर आहे तो हे औषध फक्त कॅन्सरच्या पेशीपर्यंत कसं न्यायचं यावर. मायक्रोआरएनए हेच औषध म्हणून दिलं जातंय, असा कॅन्सरचा मंजूर उपचार आज नाही. कुणी विकत असेल तर तो फसवतोय.

तपासणीचा मार्ग त्या मानाने जवळचा वाटतो. आरएनए म्हणजे नाजूक काम, रक्तात क्षणात कुजतो, असं सगळे धरून चालले होते. २००८ मध्ये सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातल्या गटाने दाखवलं की मायक्रोआरएनए रक्तातही टिकून राहतात, नमुना २४ तास बाहेर ठेवला तरी. मग त्यांनी पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरचे २५ रुग्ण आणि २५ निरोगी पुरुष यांच्या रक्तातला मिर-१४१ मोजला. निरोगी माणसाला एकदाही चुकून कॅन्सर म्हटलं गेलं नाही, आणि रुग्णांपैकी ६० टक्के ओळखले गेले.

भारी आहे. मग ही तपासणी गल्लीतल्या लॅबमध्ये का नाही?

पहिलं कारण, ज्यांचा कॅन्सर पसरलाय ते रुग्ण ओळखणं आणि आजच सापडलेली छोटी गाठ उद्या पसरेल का हे सांगणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याला हवंय दुसरं. दुसरं कारण ऐकायला क्षुल्लक आहे पण त्याने अनेक निकालांवर पाणी फिरलंय. मायक्रोआरएनए तांबड्या रक्तपेशींतही ठासून भरलेले असतात. रक्त काढताना सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलली, पेशी फुटल्या, की आतला माल बाहेर येतो आणि आकडे चढतात. त्यात आपला मिर-१६ सुद्धा आला. गंमत म्हणजे बरेच संशोधक मिर-१६ स्थिर असतो असं मानून त्यालाच मोजपट्टी म्हणून वापरत होते! तागडीच हलत असेल तर वजन काय कळणार. म्हणून एका प्रयोगशाळेने जाहीर केलेली यादी दुसऱ्या प्रयोगशाळेत जुळत नाही, असं वारंवार झालंय. आता एकेका मायक्रोआरएनएऐवजी अनेकांचा एकत्र नकाशा काढणं आणि रक्ताऐवजी लघवीत ते शोधणं, असे प्रयत्न चालू आहेत.

२०२२ मध्ये जगात साधारण १४ लाख ६७ हजार पुरुषांना प्रोस्टेट कॅन्सरचं निदान झालं. लॅन्सेट आयोगाच्या अंदाजाने २०४० पर्यंत वर्षाला २९ लाख नवे रुग्ण असतील, आणि ही वाढ प्रामुख्याने आपल्यासारख्या देशांत होईल, कारण इथे लोक आता जास्त जगू लागलेत. यातल्या प्रत्येकाला तोच प्रश्न पडणार आहे, कापायचं की थांबायचं?

सध्या तरी हा निर्णय पीएसए, एमआरआय आणि बायोप्सीतल्या ग्लिसन स्कोअरवर होतो. घरात कुणाचा रिपोर्ट आला असेल तर युरोलॉजिस्टना दोन गोष्टी स्पष्ट विचारा. ग्लिसन स्कोअर किती आहे, आणि फक्त लक्ष ठेवून चालेल अशा गटात हा रुग्ण बसतो का? वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेट कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा, कारण त्याने धोका वाढतो. लघवीतून रक्त येणं, पाठीचं किंवा कमरेचं न थांबणारं दुखणं हे वयावर ढकलू नका. आणि फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये कुणी "मायक्रोआरएनए कॅन्सर टेस्ट" घातली असेल, तर पैसे भरण्याआधी विचारा की हा रिपोर्ट वाचून माझे डॉक्टर माझ्या उपचारात नेमकं काय बदलणार आहेत.